सूचना दिली, म्हणजे काम झालं?
डेटाबेसची एक्स्टेन्शन्स, चुकलेली सेटिंग्ज आणि इशाऱ्याची भाषा

(शिरूर आणि दौंड येथे लागोपाठ दोन दिवस झालेल्या व्याख्यानांचे एकत्रित शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी निवडक प्रश्नोत्तरे दिली आहेत.)



आमचं आयुष्य तत्त्वज्ञान शिकवण्यात गेलं. तेव्हा आम्ही डेटाबेसवर बोलणार म्हटल्यावर काहींना नवल वाटलं असेल. त्यांना आधीच सांगतो, संगणक दुरुस्त कसा करायचा हे आम्ही शिकवणार नाही. आम्ही समीक्षा करणार आहोत, आणि ती सूचनांची. कवितेची समीक्षा होते, नाटकाची होते. पण ज्या चार ओळींवर लाखो लोकांची माहिती सुरक्षित राहणं अवलंबून असतं, त्या ओळींकडे मजकूर म्हणून कुणी बघत नाही. आज त्या वाचू. चांगली सूचना कोणती, वाईट कोणती आणि जी सूचनाच नव्हे ती कोणती, हे ठरवायचा प्रयत्न करू.

१. दप्तर, चारी आणि दार

आधी शब्द समजून घेऊ. डेटाबेस म्हणजे दप्तर. शिरूरमधली एखादी पतसंस्था घ्या, दौंडकडची दूध संस्था घ्या, रांजणगाव किंवा कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतला एखादा कारखाना घ्या. सभासदाचं नाव, आधार क्रमांक, ठेव, कर्ज, जामीनदार, पगार, हे सगळं पूर्वी कपाटातल्या वह्यांत होतं, आता डेटाबेसमध्ये आहे. वहीला कुलूप लागायचं आणि किल्ली कुणाच्या कमरेला आहे हे सगळ्यांना दिसायचं. आता किल्ली दिसत नाही, एवढाच फरक. पण तो मोठा आहे.

एक्स्टेन्शन म्हणजे काय? आपल्या भागाला कालवा समजावून सांगायला नको. खडकवासल्याचं पाणी कालव्यानं दौंडकडे येतं, चासकमानचं शिरूरकडे. कालवा म्हणजे मूळ डेटाबेस समजा. त्यातून पुढं काढलेली चारी म्हणजे एक्स्टेन्शन. नकाशे साठवायचेत, एक चारी काढा. कोणी काय बदललं याची नोंद हवीय, दुसरी काढा. माहिती वेबसाइटवर दाखवायचीय, तिसरी. आणि प्रत्येक चारीला दार असतं. ते किती उघडायचं आणि कुणी उघडायचं, हे झालं सेटिंग. सॉफ्टवेअर नवं कोरं बसवलं तेव्हा दार ज्या स्थितीत असतं, त्याला म्हणतात डिफॉल्ट.

आता गंमत बघा. धरणाची भिंत कितीही भक्कम असो, चारीचं दार उघडं राहिलं तर पाणी जायचं ते जाणारच. डेटाबेसचंही तसंच आहे. मूळ सॉफ्टवेअरमध्ये खोट नसते, ते नीट चालू असतं. पण त्याला जोडलेल्या भागाचं एक सेटिंग उघडं राहतं. मग सगळे म्हणतात, सूचना तर दिली होती!

२. सूचना, ताकीद आणि पोच

मराठीत यासाठी तीन शब्द आहेत. सूचना माहिती देते. ताकीद अधिकारानं बजावते. इशारा धोक्याच्या आधी सावध करतो. सॉफ्टवेअरवाले या तिन्हींना एकच शब्द वापरतात, तो म्हणजे 'वॉर्निंग'. त्यामुळं कोणती ओळ नुसती माहितीची आणि कोणती जिवावरची, हे वाचणाऱ्याला कळत नाही.

आमच्या शास्त्रात याचा विचार फार जुना आहे. मीमांसकांनी विचारलं, विधिवाक्य कुणाला उद्देशून असतं? 'अमुक करावं' असं वाक्य आलं, तर ते करण्याचं सामर्थ्य ज्याच्यापाशी आहे, तोच त्याचा 'अधिकारी'. जैमिनीच्या सूत्रांचा सहावा अध्याय या अधिकाराच्या चर्चेचा आहे. त्या चर्चेतून समाजातल्या कित्येकांना बाहेर ठेवलं गेलं, ते समर्थनीय नाही. पण त्यातला तर्क कामाचा आहे. ज्याला करणं शक्यच नाही, त्याला उद्देशून विधी असू शकत नाही.

अलीकडे, म्हणजे १९५५ मध्ये, ऑक्सफर्डचे जे. एल. ऑस्टिन यांनी हार्वर्डला व्याख्यानं दिली. त्यांनी दाखवलं की काही वाक्यं वर्णन करत नाहीत, ती स्वतःच कृती असतात. वचन देणं ही कृती आहे. तसंच सावध करणं हीही कृती आहे. आणि ऐकणाऱ्यानं ती सावध करणं म्हणून घेतली नाही, तर ती पुरी होत नाही. बहिऱ्याच्या पाठीमागून 'साप, साप' ओरडलो तर आवाज झाला, सावध करणं झालं नाही.

हे दोन विचार जोडले की सूचनेच्या तीन कसोट्या मिळतात. ती योग्य माणसापर्यंत पोचली का? त्याला कळली का? आणि कळल्यावर त्याला काही करता येत होतं का? यातली एक जरी निसटली, तरी उरतो तो कागद सूचना नव्हे. ती पोच असते. 'आम्ही सांगितलं होतं' एवढं पुढं दाखवता यावं म्हणून ठेवलेली पोच. आमचं आजचं म्हणणं एवढंच आहे. बाकी सगळी उदाहरणं.

३. एक चांगली सूचना, आणि तिची मर्यादा

पोस्टग्रेस हा जगभर वापरला जाणारा, फुकट मिळणारा डेटाबेस आहे. १ मार्च २०१८ रोजी त्याच्या कर्त्यांनी एक सूचना प्रसिद्ध केली. मामला असा होता. या डेटाबेसमध्ये 'पब्लिक' नावाची एक सामायिक जागा असते. २००२ पासून तिथं, डेटाबेसमध्ये प्रवेश असलेल्या कुणालाही, स्वतःची नवी वस्तू ठेवायची मुभा डिफॉल्टनंच होती. चावडीच्या कट्ट्यावर कुणीही आपलं गाठोडं ठेवावं तसं.

यात धोका काय? समजा तलाठ्याच्या टेबलावर कुणी हुबेहूब सरकारी शिक्क्यासारखा दुसरा शिक्का आणून ठेवला. भाऊसाहेब सवयीनं हात लांबवतात आणि तोच उचलतात. सही त्यांची, अधिकार त्यांचा, पण शिक्का भलत्याचा. तसंच एखादा साधा वापरकर्ता ओळखीच्या नावाचं एक छोटं फंक्शन त्या सामायिक जागेत ठेवू शकत होता. सर्वाधिकारी माणसाच्या हातून ते नकळत चाललं, की ठेवणाऱ्याची आज्ञा त्याच्या अधिकारानं अमलात येणार.

त्या सूचनेचा मजकूर आम्हाला आवडतो. धोका काय आहे, तो उदाहरणासह सांगितला होता. कोणाला तो लागू नाही, हेही सांगितलं होतं. उदाहरणार्थ, जिथं एकच वापरकर्ता आहे, तिथं घाबरायचं कारण नाही. आणि मुख्य म्हणजे करायचं काय, ती एक ओळ तयार करून दिली होती. सामायिक जागेत वस्तू निर्माण करायची सर्वांना असलेली परवानगी काढून घ्या. ओळ लिहा, काम झालं. डेटाबेस सांभाळणाऱ्यासाठी तिन्ही कसोट्या पुऱ्या.

मग मर्यादा कुठे? डिफॉल्ट प्रत्यक्ष बदललं ते १५व्या आवृत्तीत, ऑक्टोबर २०२२ मध्ये. म्हणजे मधली साडेचार वर्षं नव्यानं उभा राहिलेला प्रत्येक डेटाबेस दार उघडं ठेवूनच जन्माला येत होता. कर्त्यांची अडचण आम्हाला समजते, कारण दार एकदम बंद केलं असतं तर त्यावर चालणारे किती जुने प्रोग्राम बंद पडले असते. आणि आणखी एक बारीक गोष्ट आहे. नवं डिफॉल्ट फक्त नव्या डेटाबेसला लागू आहे. जुना डेटाबेस नव्या आवृत्तीवर नेला, तर जुन्या परवानग्या जशाच्या तशा राहतात. घर नव्यानं बांधलं आणि दाराला कुलूप मात्र जुनंच लावलं, असा हा प्रकार. 'आम्ही नवी आवृत्ती घेतली' म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

एक्स्टेन्शनचंही असंच आहे. ऑगस्ट २०२० मध्ये त्याच कर्त्यांनी दुसरा इशारा दिला. एक्स्टेन्शन बसवताना जी आज्ञांची यादी चालते, तीसुद्धा याच पद्धतीनं फसवली जाऊ शकत होती. आणि रोजच्या व्यवहारातली एक गोष्ट तर पुष्कळांना माहीतच नसते. डेटाबेस अद्ययावत केला म्हणून त्यातली एक्स्टेन्शन्स आपोआप पूर्ण अद्ययावत होत नाहीत. प्रत्येकाला वेगळी आज्ञा द्यावी लागते. ती द्यायची राहिली, तर दप्तर नवं आणि चारी जुनी.

आता याच घरातला एक वेगळा नमुना. पीजीऑडिट नावाचं एक एक्स्टेन्शन आहे, डेटाबेसमध्ये कोणी काय केलं याची तपशीलवार नोंद ठेवणारं. हिशेब तपासनिसाला हवंहवंसं. पण ते बसवल्यावर 'काय नोंदवायचं' या सेटिंगची मूळ स्थिती असते 'काहीही नाही'. हजेरीपुस्तक आणलं, टेबलावर ठेवलं, पण कुणाची हजेरी मांडायची ते सांगितलंच नाही. माहितीपत्रकात हे लिहिलेलं आहे, लपवलेलं नाही. पण ते बसवणारा म्हणतो 'बसवलं', संचालक ऐकतात 'चालू आहे', आणि एक दिवस अफरातफर झाली की पुस्तक उघडतं, कोरं! 'बसवलं' आणि 'चालू आहे' यांतलं अंतर सांगणारी ओळ कुठंतरी पत्रकात पुरली गेली, तर ती पहिल्याच कसोटीवर नापास होते.

४. जी सूचना लिहिणाऱ्याच्याही कामी आली नाही

आता जे उदाहरण सांगतो, ते आमच्या मते या विषयातलं सगळ्यात बोलकं आहे.

मायक्रोसॉफ्टची 'पॉवर ॲप्स' नावाची सेवा आहे. प्रोग्राम लिहिता न येणाऱ्यालाही त्यावर वेबसाइट उभी करता येते आणि ती डेटाबेसला जोडता येते. त्यात यादी बाहेर वाचायला देणारी एक चारी होती. ती उघडली आणि 'टेबलच्या परवानग्या' हे दुसरं सेटिंग चालू केलं नाही, तर यादी कोणालाही, पासवर्डशिवाय, दिसत असे. डिफॉल्टनं परवानग्या बंद होत्या, म्हणजे पहारा बंद होता. नाव 'परवानगी'चं असल्यामुळं गोंधळ आणखी वाढतो. बंद म्हटलं की माणसाला सुरक्षित वाटतं.

२४ मे २०२१ रोजी 'अपगार्ड' या सुरक्षा संस्थेच्या संशोधकाला हे आढळलं. त्यांनी शोध घेतला तेव्हा ४७ संस्थांच्या मिळून सुमारे ३ कोटी ८० लाख नोंदी उघड्यावर होत्या. त्यात अमेरिकन एअरलाइन्स होती, फोर्ड होती, इंडियाना राज्याचा आरोग्य विभाग होता. करोनाच्या काळातल्या लसीकरणाच्या आणि संपर्कशोधाच्या नोंदी होत्या, नोकरीसाठी अर्ज करणाऱ्यांचे सामाजिक सुरक्षा क्रमांक होते. जूनमध्ये कंपनीला कळवलं, तर पहिलं उत्तर असं आलं की हे सॉफ्टवेअर ठरवल्याप्रमाणेच चालतं आहे. अक्षरशः खरं उत्तर! चूक सॉफ्टवेअरची नव्हती, सेटिंगची होती, आणि मार्गदर्शिकेत सावधगिरीचा मजकूर होताच.

पण त्या ४७ मध्ये कोण होतं, ठाऊक आहे? स्वतः मायक्रोसॉफ्ट. तिच्या पगारविषयक सेवांच्या एका पोर्टलवर ३ लाख ३२ हजार ईमेल पत्ते आणि कर्मचारी क्रमांक उघडे सापडले.

इथं तर्क आपोआप पुरा होतो. ज्या घरात सूचना लिहिली, त्याच घरातल्या लोकांना ती कळली नाही किंवा पोचली नाही. मग आपण इंडियानातल्या कारकुनाला 'तुम्ही नीट वाचलं नाही' असं कोणत्या तोंडानं म्हणणार? शंभरातले दोन विद्यार्थी नापास झाले तर त्यांचा अभ्यास कमी पडला. वर्गाबरोबर प्रश्नपत्रिका काढणारे मास्तरही नापास झाले, तर दोष प्रश्नपत्रिकेत आहे. कंपनीनं पुढं योग्य तेच केलं. नव्या पोर्टलमध्ये पहारा डिफॉल्टनं चालू ठेवला आणि जुन्यांसाठी तपासणीचं साधन दिलं. आमची टीका एवढीच, की हे आधी करता येत होतं.

त्याच वर्षीच्या ऑगस्टमधली दुसरी घटना. मायक्रोसॉफ्टच्याच 'कॉसमॉस डीबी' या डेटाबेस सेवेला 'ज्युपिटर नोटबुक' नावाची सोय जोडलेली होती. फेब्रुवारी २०२१ पासून ती ग्राहकांसाठी आपोआप चालू केली गेली होती. 'विझ' या संस्थेच्या संशोधकांना आढळलं, की तिच्या चुकलेल्या मांडणीतून दुसऱ्याच ग्राहकाच्या डेटाबेसच्या मुख्य किल्ल्या मिळवता येतात. कळवल्यावर कंपनीनं ती सोय तातडीनं बंद केली, आणि कोणी गैरफायदा घेतल्याचा पुरावा नाही असं सांगितलं. मग ग्राहकांना ईमेल गेली, तुमच्या किल्ल्या बदला.

सूचना म्हणून ही ईमेल स्पष्ट होती, आणि किल्ल्या ग्राहकालाच बदलता येत होत्या, म्हणून ती खरी सूचना ठरते. पण तिच्या आधीची सहा महिने शांतता होती. ज्यानं ती सोय मागितली नाही, कधी वापरली नाही, त्याच्या आवाराला कुणीतरी दुसरं दार पाडलं आणि त्याला कळवायचं राहिलं. दार पाडतानाची सूचना महत्त्वाची, का चोरीची शक्यता दिसल्यावरची? आम्ही तर म्हणू, पहिली.

५. दौंड जंक्शनला विचारा

दौंडच्या मंडळींना एक गोष्ट आमच्यापेक्षा जास्त कळते. हे जंक्शन आहे. पुणे-सोलापूर लोहमार्गाला इथं मनमाडचा मार्ग मिळतो. खांबावर हात असलेले जुने सिग्नल इथल्या ज्येष्ठांनी पाहिलेले आहेत. केबिनमधून तारेनं तो हात हलायचा. आता सांगा, तार तुटली तर हात कुठल्या स्थितीत जायचा? धोक्याच्या. गाडी थांबायची. खोळंबा व्हायचा, प्रवासी चिडायचे, पण माणसं मरायची नाहीत. रचनाच अशी केली होती, की बिघाड झाला तर यंत्रणा सुरक्षित बाजूला कलंडली पाहिजे.

शिवाय दोन गाड्यांना एकाच रुळावर यायची परवानगी देणारे दांडे एकाच वेळी ओढताच येत नसत. केबिनमनसाठी भिंतीवर 'दोन दांडे एकत्र ओढू नयेत' अशी पाटी लावून रेल्वे थांबली नाही. दांडे एकमेकांत अडकवून टाकले. माणूस थकलेला असेल, झोपाळलेला असेल, नवखा असेल, हे तिनं गृहीत धरलं.

सॉफ्टवेअरनं हे उशिरा शिकलं, आणि ठेच लागून. जानेवारी २०१७ मध्ये मोंगोडीबी या डेटाबेसच्या हजारो प्रती इंटरनेटवरून पुसल्या गेल्या आणि जागी खंडणीची चिठ्ठी ठेवली गेली. पुसणाऱ्यांना कुलूप तोडावं लागलं नव्हतं, कारण कित्येक ठिकाणी पासवर्ड मागायचं सेटिंगच चालू नव्हतं आणि डेटाबेस बाहेरच्या जगाला उघडा होता. सुरक्षेची यादी मार्गदर्शिकेत होती. त्याच वर्षाअखेरच्या ३.६ आवृत्तीपासून मात्र डेटाबेस डिफॉल्टनं फक्त त्याच संगणकापुरता उघडा राहू लागला. जे काम सूचनेनं होत नव्हतं, ते दार बंद ठेवून विकल्यावर झालं.

यावर एक रास्त आक्षेप आहे. सगळीच दारं बंद ठेवली तर वापरणारा वैतागेल आणि एकदम सगळी उघडून टाकेल. खरंय, असं होतं. पण तेव्हा उघडण्याची कृती कुणीतरी केलेली असते. तिला नाव असतं, तारीख असते, कारण असतं. बंद दार उघडणाऱ्याला आपण जाब विचारू शकतो. जे दार कुणीच उघडलं नाही आणि तरी उघडं आहे, त्याचा जाब कुणाला विचारणार?

६. चावडी वाचन

आता जरा घराकडे येऊ. आपल्याकडे साताबाराचं संगणकीकरण झालं. हाताने लिहिलेला उतारा आणि संगणकातला उतारा तंतोतंत जुळला पाहिजे, हा प्रश्न होता. नावं चुकली होती, क्षेत्र चुकलं होतं, कुठं वारस गळला होता. दुरुस्तीसाठी सॉफ्टवेअरमध्ये वेगळी सोय दिली गेली. २०१७ मध्ये राज्यभर चावडी वाचनाची मोहीम निघाली. उतारे गावात वाचून दाखवायचे, आक्षेप घ्यायचे, दुरुस्त करायचे. पुढं १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचे उतारे मिळू लागले.

आमच्या दृष्टीनं चावडी वाचन हा सूचनेचा अस्सल देशी नमुना आहे. योग्य माणूस समोर बसलेला असतो. भाषा त्याची असते. गट क्रमांक आणि चुलत्याचं नाव ऐकलं की चूक त्याला तज्ज्ञाशिवाय कळते. आणि तो जागेवर उठून म्हणू शकतो, 'भाऊसाहेब, हे बरोबर नाही.' तिन्ही कसोट्या पुऱ्या. पण त्रुटीही सांगितल्या पाहिजेत. जो नोकरीसाठी पिंपरी-चिंचवडला आहे, तो चावडीवर नसतो. सासरी गेलेल्या बहिणीचं नाव गळालं, तर ते ऐकायला ती तिथं नसते, आणि जे असतात त्यांना बोलायची घाई नसते! सूचना कोणापर्यंत पोचली नाही हे पाहिलं, की समाजात कोणाची गैरहजेरी गृहीत धरली जाते तेही दिसतं.

साताबारातली चूक गावकऱ्याला दिसते. डेटाबेसच्या सेटिंगमधली चूक मात्र कुणालाच दिसत नाही, जोवर माहिती बाहेर जात नाही. म्हणून आमचा प्रस्ताव आहे, सेटिंगचंही चावडी वाचन व्हावं.

सहकारी संस्थांची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपूर्वी घ्यावी लागते. अहवाल वाचला जातो, ताळेबंद मंजूर होतो, चहा-बिस्किटं होतात. त्यात पाच प्रश्न वाढवा, आणि सॉफ्टवेअर पुरवणाऱ्याकडून त्यांची लेखी, सहीची उत्तरं आणून वाचून दाखवा.

एक, सर्वाधिकाराचा पासवर्ड किती जणांकडे आहे, आणि सोडून गेलेल्या कर्मचाऱ्यांची खाती बंद केली का?
दोन, आमचा डेटाबेस बाहेरच्या इंटरनेटवरून थेट गाठता येतो का? येत असेल तर कशासाठी?
तीन, कोणकोणती एक्स्टेन्शन्स बसवली आहेत, आणि न लागणारी काढली का?
चार, नोंद ठेवणारी सोय चालू आहे ना? असेल तर कालची एक नोंद दाखवा.
पाच, शेवटचं अद्ययावत करणं कधी झालं, त्यानंतर परवानग्या कोणी तपासल्या, आणि बॅकअपमधून माहिती परत उभी करून पाहिली का?

पासवर्ड वाचायचा नाही, सभासदाची माहिती वाचायची नाही. फक्त दार बंद आहे का, एवढंच. इतिवृत्तात नोंद घ्यायची. यातल्या एकाही प्रश्नाला संगणकाची पदवी लागत नाही.

हे का तातडीचं आहे तेही सांगतो. २०२३ चा वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायदा झाला, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम आले, आणि तो टप्प्याटप्प्यानं लागू होतो आहे. माहिती सांभाळण्यासाठी वाजवी काळजी घेतली नाही, तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. आणि माहितीचं काम बाहेरच्या कंपनीकडे दिलेलं असलं, तरी जबाबदारी माहिती गोळा करणाऱ्या संस्थेवरच राहते. कायद्याचा हेतू चांगला आहे. पण भार पडतो तो अशा माणसावर, ज्याला सेटिंगचा पडदासुद्धा कधी दिसलेला नाही. डिफॉल्ट ठरवणाऱ्यावर तेवढाच भार असायला हवा होता, असं आम्हाला वाटतं. तोवर निदान प्रश्न विचारण्याची सवय लावून घेऊ.

निवडक प्रश्नोत्तरे

प्रश्न (शिरूर, पतसंस्थेतील कर्मचारी): सर, आमचा सॉफ्टवेअरवाला म्हणतो, 'सेटिंगला हात लावलात तर आम्ही जबाबदार नाही.' मग आम्ही काय करायचं?

उत्तर: हात लावू नका. पण त्याला लेखी विचारा, 'आम्ही हात लावला नाही, तर तुम्ही जबाबदार आहात ना?' मघाशी अधिकाराची गोष्ट सांगितली, ती हीच. ज्यानं तुम्हाला हात लावायला मनाई केली, त्यानं करण्याचं सामर्थ्य स्वतःकडे घेतलं. म्हणजे त्या सेटिंगविषयी येणारी प्रत्येक सूचना त्याला उद्देशून आहे, तुम्हाला नाही. अधिकार त्याचा आणि जबाबदारी तुमची, अशी वाटणी मान्य करू नका. करार नव्यानं कराल तेव्हा ही ओळ त्यात घाला.

प्रश्न (दौंड, संगणकशास्त्राची विद्यार्थिनी): सूचना मराठीत आल्या तर हा प्रश्न सुटेल का?

उत्तर: अर्धा सुटेल, बाळ. कळण्याची कसोटी पुरी होईल. पण 'कृपया संरूपण प्राचलांची पडताळणी करा' असं मराठी आलं, तर इंग्रजी बरं होतं म्हणायची पाळी येईल! तू उद्या सॉफ्टवेअर लिहिशील, तेव्हा असं लिही: 'हे चालू केलंत तर पासवर्ड नसलेल्या कुणालाही सभासदांची नावं आणि पत्ते दिसतील. सध्या आम्ही ते बंद ठेवलं आहे. नको असेल तर काही करू नका.' काय होईल, कोणाला होईल आणि न वाचणाराही सुरक्षित कसा राहील, हे तिन्ही त्यात आलं.

प्रश्न (दौंड, दुकानदार): रोज इतक्या सूचना येतात, सगळ्या कशा वाचणार? कोणत्या वाचाव्यात?

उत्तर: सगळ्या वाचू नका, कोणीच वाचत नाही. तीन प्रकारच्या मात्र सोडू नका. कोण बघू शकतं हे बदलणाऱ्या, कोण बदल करू शकतं हे बदलणाऱ्या, आणि कशाची नोंद राहते हे बदलणाऱ्या. यातली एखादी आली आणि कळली नाही, तर 'ठीक आहे'चं बटण दाबायच्या आधी मोबाइलवर तिचा फोटो काढा आणि ज्यानं सॉफ्टवेअर विकलं त्याला पाठवा. खाली एवढंच लिहा: 'हे काय आहे, आणि आम्ही काय करायचं?' उत्तर येईपर्यंत बटण दाबू नका.